सोळा घटक आणि एक जुलै



पावसाच्या अंदाजांवरच्या या परिषदेत, स्वागत समितीच्या वतीने, पुण्यात तुम्हा संशोधकांचं स्वागत. स्वागताध्यक्षाने बोलायचं कमी आणि जेवणाकडे बघायचं जास्त, याची मला कल्पना आहे. सकाळी आचाऱ्याला सांगितलं, नोंदणी 310 जणांची आहे. तो म्हणाला, "यादी राहू द्या साहेब. नाश्त्याला पोहे किती उठले ते बघतो आणि मग भाजी चिरायला घेतो." पुढचं आधी सांगणारा निर्देशक त्याच्याकडेही आहे म्हणायचा!

मी जुन्नरकडचा द्राक्षबागायतदार. माझ्या आजीचा निर्देशक म्हणजे कावळा. घरटं आंब्यावर बांधलं तर पाऊस बरा, बाभळीवर बांधलं तर वर्ष अवघड. कावळा चुकला ती वर्षं मात्र आजीने कधी मोजली नाहीत.

हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून याच पुण्यात आलं. त्याआधी वीस वर्षं खात्याची धुरा गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाकडे होती. पावसाशी नातं सांगणारे घटक त्यांनी जगभरच्या नोंदींतून हुडकले. पण ढीगभर घटक चाळले की एखादा निव्वळ योगायोगानेही जुळतो, हेही त्यांनी 1914 सालीच लिहून ठेवलं. मला त्यांच्या शोधांइतकीच ही धास्ती मोलाची वाटते.

पुढे 1988 साली आपल्या पुण्याच्याच डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं प्रारूप आलं. हिमालयातला बर्फ, एल निनो, वरच्या हवेतले वारे, सगळ्यांची साक्ष काढायची आणि पाऊस सांगायचा. पुढची चौदा वर्षं देशव्यापी दुष्काळाविना गेली, प्रारूपाचं नाव झालं. खरं तर त्या काळात डोळे मिटून दरवर्षी 'सरासरीइतका' म्हणणाराही फारसा चुकला नसता. अगदी 1997 साली पाऊस रोडावणारा एल निनो ऐन भरात होता, तरी पाऊस सरासरीच्या 102 टक्के झाला. मग आलं 2002. अंदाज 101 टक्क्यांचा, पडला 81. जुलैत तर निम्म्याच्या आसपासच. आमच्या विहिरीत त्या महिन्यात पोहरा तळाला खडखडत होता. पण चूक झाकली गेली नाही. ज्यांचं पावसाशी नातं सैल पडलं होतं, ते घटक वगळून खात्याने पुढच्याच वर्षी आठ आणि दहा घटकांची नवी प्रारूपं आणली.

म्हणून या परिषदेत मी एकच हट्ट धरला: उद्या दुपारचं एक सत्र फक्त चुकलेल्या अंदाजांचं. निबंध मागवले, आले दोन. बरोबर आलेल्या अंदाजांचे मात्र सत्तेचाळीस! तुमच्या वहीत एखादा फसलेला अंदाज असेल तर संयोजकांना आजच गाठा, वेळ राखून ठेवला आहे.

जेवण एक वाजता. आचारी म्हणतो 260 पानं होतील. मी यादीवर विसंबून 300 म्हटलंय. मोजायला माणूस बसवला आहे.