आई पुढच्या सीटवर

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला 'तुझ्या कामाबद्दल बोल' असं सांगितलंय. पण सॉफ्टवेअरवर बोलले तर तुम्ही जेवणाआधीच उठाल. म्हणून एक गाडीची गोष्ट सांगते.

गेल्या हिवाळ्यात आई अमेरिकेला माझ्याकडे आली होती. मी, आई आणि माझी लेक, अशा तिघी कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर गेलो. ही बेटं अमेरिकेनं १९१७ साली डेन्मार्ककडून २.५ कोटी डॉलरला विकत घेतली. मालक बदलला, पण वाहतूक डावीकडूनच राहिली, आपल्यासारखी. गाड्या मात्र अमेरिकेतून येतात, त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडेच!

भाड्याची जीप देताना तिथल्या बाईंनी विचारलं, "डावीकडून चालवायला जमेल ना?" मला हसूच आलं. प्रभातफेरीत 'डावीकडून चला' ऐकत वाढलेल्या वडूजच्या पोरीला हे विचारायचं? पण खरं सांगू का, वडूजमध्ये मी चालवली ती फक्त सायकल. गाडी शिकले अमेरिकेत, तीही उजवीकडून.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी जीप बोटीवर चढवून आम्ही शेजारच्या सेंट जॉन बेटावर उतरलो. तिथं विमानतळ नाही, निम्म्याहून जास्त बेट राष्ट्रीय उद्यान आहे. रस्ते अरुंद, उभा चढ, वळणावर हॉर्न द्यायचा. वाटेत मोकाट गाढवं आणि शेरडं. आई म्हणाली, "हे तर आपलं माण-खटावच की गं!"

एक गाढव आडवं आलं. मी थांबले. ते निवांत गेलं, आणि पुन्हा निघताना माझे हात सवयीनं उजवीकडे वळले. पुढच्या वळणावरून टेम्पो येत होता. "पोरी, डावीकडं!" आई ओरडली. मी गाडी कशीबशी डावीकडे ओढली. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला होता. तो ओरडला नाही, हात वर करून आधी मला जाऊ दिलं. मी कडेला थांबले. हात थरथरत होते. डावीकडून चालायचं हे माझ्या डोक्यात होतं, हातात नव्हतं.

मग लक्षात आलं. त्या गाडीत चालक रस्त्याच्या कडेला बसतो आणि शेजारचा माणूस मधल्या बाजूला. समोरून येणारी गाडी आधी त्याला दिसते. आई एरवी मागंच बसायची. त्या दिवशी घाटात गाडी लागते म्हणून पुढं आली होती. बाबा गेल्यापासून ती कशातच 'असं कर' म्हणत नव्हती. 'तुम्हाला जास्त कळतं' म्हणायची. आणि मलाही ते सोयीचं वाटत होतं, हे आज कबूल करते.

"तू कडा बघ, समोरचं मी बघते," आई म्हणाली. पुढचे तीन दिवस ती माझी क्लीनर होती. "येऊ दे... थांब... हां, जा आता." लेक मागं हसत होती. परत आल्यावरही आईचं ते 'थांब' आणि 'जा' सुटलं नाही. घराच्या कर्जापासून नातीच्या शाळेपर्यंत ती बोलू लागली. काही वेळा मी थांबलेही.

आई आज इथं तिसऱ्या रांगेत बसली आहे. उद्या साताऱ्याला जाताना वर्धनगडचा घाट मीच चालवणार आहे. इथं स्टिअरिंग उजवीकडे, समोरचं मला दिसेल. तरी आई पुढंच बसणार आहे.