चोरदरवाज्यामागचे जुने खेळ



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पोरांच्या व्हिडिओ गेममध्ये प्रौढांनी एक संध्याकाळ घालवावी असे आहे तरी काय? परंतु या कलेला आता अर्ध्या शतकाचा इतिहास झाला आहे, आणि कोणत्याही कलेत मागल्यांचे ऋण कसे मानावे हा प्रश्न पोरकट खचित नाही.

प्रथम 'लेव्हल' या शब्दाचा खुलासा केला पाहिजे. लेव्हल म्हणजे खेळातला एक टप्पा. भिंत कोठे, खड्डा कोठे, शत्रू कोणत्या वळणावर उभा आणि बक्षीस कोठे लपविलेले, याची ती मांडणी. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही कित्येक घरांत टीव्हीला जोडावयाचे यंत्र आले होते. त्यावर 'मारिओ' खेळलेल्यांना पहिली लेव्हल अजून तोंडपाठ असेल. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या जपानी रचनाकारांचा हा खेळ १९८५ चा. पहिल्या काही पावलांतच एक बुटका शत्रू समोरून चालत येतो, डोक्यावर प्रश्नचिन्हाची वीट असते. सूचनेचे एक अक्षरही न लिहिता खेळणाऱ्याला उडी मारावयास शिकविले जाते. अशी मांडणी ही खरोखर रचना आहे, आणि जेथे रचना असते तेथे तिची नक्कल होते, तिला वंदनही होते.

या दोहोंतली सीमा कोठे आहे? मी आपल्यापुढे एकाच मंडळींचा वृत्तांत ठेवतो. स्थळ अमेरिकेतील लुइझियाना राज्यातले श्रीव्हपोर्ट गाव, साल १९९०. जॉन कारमॅक आणि टॉम हॉल हे दोन तरुण तेथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस होते. त्या काळच्या साध्या संगणकावर चित्र गुळगुळीतपणे बाजूला सरकविणे फार अवघड समजले जाई. कारमॅकने ती युक्ती साधली, आणि दोघांनी मिळून एका रात्रीत 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' ची पहिली लेव्हल विटेला वीट जुळवून उतरवून काढली. मारिओच्या जागी त्यांचा सहकारी जॉन रोमेरो याच्या खेळातला डेव्ह उभा केला, आणि त्या प्रकरणाला नाव दिले 'डेंजरस डेव्ह इन कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट'. स्वामित्वहक्काच्या भंगाची कबुली नावातच! पुढे या मंडळींनी आपल्या कामाचा नमुना निंटेंडोला दाखविला. नकार आला. तेव्हा त्यांनी तीच युक्ती वापरून त्याच वर्षी स्वतःचा 'कमांडर कीन' हा खेळ काढला. ती रात्र नकलेची होती यात शंका नाही. पण शागीर्दाने गुरूची तान घोटावी तशी ती नक्कल होती. जर्मनीत १९८७ साली निघालेल्या 'द ग्रेट गियाना सिस्टर्स' ची पहिली लेव्हलही मारिओच्या पहिल्या लेव्हलशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. तो खेळ मात्र दुकानात विकावयास ठेवला गेला, आणि लवकरच मागे घ्यावा लागला.

आता १९९२ कडे या. याच मंडळींनी, आता 'इड सॉफ्टवेअर' या नावाने, 'वुल्फेन्स्टाइन ३डी' प्रसिद्ध केला. त्याचे नावही १९८१ च्या सायलस वॉर्नर यांच्या 'कॅसल वुल्फेन्स्टाइन' चे ऋण सांगते. या खेळाच्या तिसऱ्या भागात एक गुप्त लेव्हल आहे. तिच्यात शिरले की आपण १९८० च्या 'पॅक-मॅन' च्या चक्रव्यूहासारख्या बोळांत येऊन पडतो. मूळ खेळात तो चक्रव्यूह आपण वरून, आकाशातून पाहत होतो. चारही भुते कोठे आहेत ते एका नजरेत दिसे. येथे आपण बोळात उभे. पुढच्या कोपऱ्याआड काय आहे ते कळत नाही, आणि भूत समोर आले तर बंदुकीचा काही उपयोग नाही. मला ही लेव्हल फार मोलाची वाटते. तिने जुन्या रचनेत जी भीती दडून होती ती बाहेर काढली. एकच बंदिश दुसऱ्या घराण्याचा गवई गातो तेव्हा आपल्याला तीत पूर्वी न दिसलेली जागा दिसते, तसाच हा प्रकार आहे.

दोन वर्षांनी, १९९४ मध्ये, 'डूम २' आला. त्याच्या पंधराव्या लेव्हलमध्ये एक चोरवाट आहे. तिने गेल्यास वुल्फेन्स्टाइनचीच पहिली लेव्हल पुन्हा भेटते. त्याच निळ्या भिंती, तेच शिपाई. आपल्या हातात मात्र डूमची दुनळी बंदूक असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ज्यांनी छाती धडधडविली ते शिपाई अगदी किरकोळ वाटतात. तेथून आणखी एक चोरवाट निघते. तिच्या शेवटी कमांडर कीन, या मंडळींना पहिले यश मिळवून देणारा तो पोरगा, चार ठिकाणी फासावर लटकलेला दिसतो. त्या चारही प्रतिमांवर गोळ्या झाडल्याखेरीज बाहेरचे दार उघडत नाही. कीनचा जनक टॉम हॉल १९९३ मध्येच त्या कंपनीतून बाहेर पडला होता. याला वंदन म्हणावे की थट्टा? माझ्या मते दोन्ही आहे, आणि म्हणूनच ते खरे आहे. आपल्याच बाळपणाकडे माणूस नेहमी हात जोडूनच पाहतो असे थोडेच आहे?

थट्टा असो वा वंदन, ते कळावयास मूळ ठाऊक असावे लागते. स्वीडनमधील रचनाकारांनी २०१४ मध्ये 'वुल्फेन्स्टाइन: द न्यू ऑर्डर' काढला. त्यात नायक एका गादीवर झोपतो, आणि दुःस्वप्न म्हणून त्याला १९९२ ची पहिली लेव्हल पडते, त्या काळच्या ठोकळेबाज चित्रांसकट. ज्याने मूळ खेळले त्याला ती जुन्या घरात पाऊल टाकल्यासारखी वाटेल. पंधरा वर्षांच्या मुलाला ते केवळ एक चमत्कारिक स्वप्न. आणि मूळ पाहावे म्हटले तर ते मिळेलच असे नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीप्रमाणे, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. पुस्तक छापणे बंद झाले तरी एखादी प्रत ग्रंथालयाच्या कपाटात राहते. खेळाचे तसे नाही. यंत्र बिघडले की प्रत हाती असूनही ती मुकी होते. वुल्फेन्स्टाइन आणि डूम यांच्या कर्त्यांनी पुढे आपल्या प्रोग्रामची मूळ संहिता सर्वांना खुली केली, म्हणून ते खेळ नव्या यंत्रांवर उतरवता आले. ज्यांच्या कर्त्यांनी तसे केले नाही, त्यांच्यापैकी कित्येकांची मांडणी यापुढे कोणा दुसऱ्याच्या चोरदरवाज्याआडच पाहावयास मिळेल.