घटनेत नाही, तरी मंत्रालयात आहे

आपल्या राज्यघटनेत मुख्यमंत्री आहेत.
मंत्रीही आहेत.
उपमुख्यमंत्री हा शब्द मात्र तिथे नाही.
मग महाराष्ट्रात हे पद आलं कुठून?

ते आलं १९७८ साली.
काँग्रेस दुभंगली होती.
निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही.
तेव्हा समोरासमोर लढलेल्या दोन काँग्रेस सत्तेसाठी एकत्र आल्या.

एका काँग्रेसचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले.
दुसऱ्या काँग्रेसचे, विदर्भातले नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले.
महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री.

ते सरकार काही महिन्यांतच पडलं.
पद मात्र राहिलं.
शरद पवारांच्या मंत्रिमंडळात ते सुंदरराव सोळंके यांच्याकडे आलं.

पुढे १९९५ साली युती सत्तेवर आली.
मुख्यमंत्री शिवसेनेचे मनोहर जोशी.
उपमुख्यमंत्री भाजपचे गोपीनाथ मुंडे.
१९९९ साली आघाडी आली.
मुख्यमंत्री काँग्रेसचे विलासराव देशमुख.
उपमुख्यमंत्री राष्ट्रवादीचे छगन भुजबळ.

लक्षात घ्या, श्रोतेहो.
सरकार दोघांचं, म्हणून दुसरा मान दुसऱ्या पक्षाला.

आणि खरं वजन येतं ते खात्यामुळे.
मुंडे, भुजबळ आणि नंतरचे उपमुख्यमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील.
तिघांकडेही गृहखातं होतं.
आबांनी डान्सबारबंदीचा निर्णय रेटला, तो गृहमंत्री म्हणून.
माझ्या मते, लोकांच्या लक्षात राहतं ते असं काम.

२०२३ साली तर एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्री झाले.
देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार.

पुढच्याच वर्षी हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला.
न्यायालय म्हणालं, हे पद घटनाविरोधी नाही.
कारण उपमुख्यमंत्री हा शेवटी एक मंत्रीच असतो.