तळ्याकाठचं हिरवं गवत

जनावराला पातळ, घाण वासाची हगवण लागली की जुनी माणसं म्हणत, बुळकांडी आली. पण बुळकांडी २०११ सालीच साऱ्या जगातून हटली. मग पावसाळा सरताना ही हगवण कशाची?

पुष्कळदा ती चपट्या जंतांची असते. मोठे जंत जनावराच्या पोटात, पहिल्या मोठ्या कप्प्यात चिकटून असतात. दिसायला तांबूस, डाळिंबाच्या दाण्यासारखे. तिथं ते फारसा त्रास देत नाहीत. नासधूस करतात ती त्यांची पिल्लं! ती लहान आतड्याच्या अस्तरात घुसतात. आतडं सुजतं, रक्त झिरपतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. जबड्याखाली पाणी साठून सूज लोंबते. वासरू तर हातचं जातं.

शेणातली अंडी पाण्यात फुटतात. पिल्लं गोगलगाईत शिरतात, तिथं वाढतात आणि बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात.

शेण तपासलं, अंडी नाहीत, म्हणून निर्धास्त राहू नका. पिल्लं कुठली अंडी घालणार? जनावर कुठं चरतं ते डॉक्टरांना सांगा. पिल्लांना मारणारं औषध वेगळं असतं. काठ काट्यांनी अडवा, पाणी हौदात पाजा.

आम्ही हे सांगितलं की कोणीतरी विचारतोच, "गवत कापून घरी आणलं तर?" अहो, विळ्यानं कापलं म्हणून जंत काठावर राहतात का? ते भाऱ्याबरोबर गोठ्यात येतात. उन्हात खडखडीत वाळवलंत, तर मात्र धोका पुष्कळ कमी होतो.