पंप उघडायच्या आधी: जुन्या पिकअपला डिझेल का पोचत नाही

गेल्या काही दिवसांत एकाच तक्रारीचे मेसेज फार आलेत. "दादा, जुनी डिझेल पिकअप घेतलीय. रिकामी असली की मस्त पळते. माल भरून चढाला लागली की गचके देते, मग बंद पडते. मेकॅनिक म्हणतोय पंप गेला."

आज फक्त याच्यावर बोलू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पंपाला पाना लावू द्यायच्या आधी टाकीपासून पंपापर्यंतची नळी तपासून घ्या. पंप उतरवला की तो पंपवाल्याकडे जाणार, गाडी चार दिवस उभी राहणार, हजारोंचं बिल येणार. आणि हे नेमकं सीझनमध्ये होतं. रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालात, साखरपा मागे टाकून आंबा घाट चढताय आणि गाडी बसली, तर पेट्या उन्हात तापतात आणि सकाळचा बाजार निघून जातो. गाडीचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच येतो.

आता डिझेलचा रस्ता समजून घ्या. टाकीत एक जाळी असते. तिथून नळी चॅसीखालून पुढे येते. फीड पंप डिझेल ओढतो, ते फिल्टरमधून मेन पंपाला जातं (गावाकडे अजून 'मायको पंप' म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं तरी) आणि तिथून नोझलला. काही गाड्यांत वेगळा फीड पंप नसतो, मेन पंप स्वतःच फिल्टरमधून ओढतो.

यातला फीड पंपापर्यंतचा भाग *ओढणारा* आणि त्यापुढचा *ढकलणारा*. बहुतेक लोक इथेच फसतात. ढकलणाऱ्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येतं, डाग दिसतो, वास येतो. ओढणाऱ्या बाजूला चीर पडली तर काहीच गळत नाही, उलट हवा आत जाते. रसवंतीत स्ट्रॉला चीर असली की काय होतं? रस सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते. तसंच. म्हणून गाडीखाली वाकून "कुठे ओलं नाही, म्हणजे लाइन ठीक आहे" असं म्हणू नका. कोरडी लाइनसुद्धा हवा ओढत असते.

मग चढालाच का? कारण लोडवर इंजिन जास्त डिझेल मागतं. सपाटीवर अर्धवट तुंबलेली जाळी किंवा बारीक चीर चालून जाते, घाटात भागत नाही.

आता तपासणी. पहिली, फुकटातली. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि मग गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. धूळ आणि डिझेल मिळून तिथे चिखल होतो. भोक साफ करा, संपला विषय.

दुसरी, स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलेंडरपर्यंत जातच नाहीये. पांढरा धूर येतोय पण गाडी पकडत नाही, म्हणजे डिझेल जातंय, जळत नाहीये. तो ग्लो प्लगचा, टायमिंगचा किंवा कॉम्प्रेशनचा विषय, आजचा नाही. लोडवर काळा धूर सोडत असेल तर आधी एअर फिल्टर बघा.

तिसरी माझी सगळ्यात आवडती, कॅनची. स्वच्छ पाच लिटरचा कॅन, त्यात डिझेल आणि हात-दोन हात पारदर्शक नळी. टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून काढा आणि तिथे ही लावा. कॅन टाकीच्या उंचीलाच ठेवा, सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब. गाडी उभी ठेवून रेस देत पंधरा मिनिटं चालवा. नीट चालली? मग तुमचा पंप ठीक आहे, दोष मागे आहे, जाळीत नाहीतर नळीत. नाही चालली तर कॅन इंजिनपेक्षा उंच धरा. उंचावर चालते आणि खाली ठेवला की मरते, म्हणजे फीड पंपाची ओढ कमी झालीय. दोन्हीकडे रडते, तर फिल्टर बदला, आणि त्यानंतरच मेन पंपाचा विचार करा.

एका पोराची गाडी आमच्याकडे आली तेव्हा पंपाचं काम आधीच झालेलं होतं, दुसरीकडे. तक्रार तीच. कॅनवर लावली तर घड्याळासारखी चालली. चॅसीच्या क्लिपखाली रबरी नळी कडक होऊन तडकली होती, बोटभर लांब. नवी नळी आणि दोन क्लिपा, एवढंच. त्याने पंपावर घातलेले पैसे मात्र परत येणार नव्हते.

पावसाळ्यात अजून एक भानगड. अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की आत दव धरतं आणि पाणी डिझेलखाली बसतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं काचेच्या बाटलीत काढा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो.

काम झालं की हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँड पंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग मेन पंपावरच्या स्क्रूला तसंच. तांब्याचे वॉशर नवे टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुने दाबून बसवू नका, तिथूनच पुन्हा हवा शिरते.

आणि हे नीट ऐका. चालू इंजिनच्या नोझलच्या पाइपवर गळती शोधायला बोट फिरवायचं नाही. तिथे २०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, कारच्या टायरच्या शंभरपट. ती बारीक धार कातडीच्या आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. असं झालंच तर मलम लावत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. गळती बघायला पुठ्ठा धरा.

हे सगळं जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांसाठी. कॉमन रेल असेल तर दाब कित्येक पट जास्त, तिथे पाइप सैल करून हवा काढायचा उद्योग करूच नका.

कॅन लावून बघितला की काय निघालं ते व्हॉइस मेसेजवर कळवा. पुढच्या भागात ग्लो प्लग.