इक्बाल यांची ‘खुदी’



मीपणा सोडावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. कीर्तनात ऐकली, घरी आजीच्या तोंडूनही ऐकली. अशा वेळी एखादा कवी उठून ‘खुदी बळकट करा’ म्हणू लागला, तर आपण दचकणारच! १९१५ साली महंमद इक्बाल यांचे ‘अस्रारे खुदी’ हे फारसी काव्य निघाले, तेव्हा असेच झाले. खुदी या शब्दाचा रूढ अर्थ अहंकार. इक्बालांनी त्याला नवा अर्थ दिला: स्वत्व. शिवाय हाफिजसारख्या लाडक्या कवीवर त्यात टीका होती. एवढे वादळ उठले, की पुढच्या आवृत्तीतून त्या ओळी त्यांना काढाव्या लागल्या.

इक्बाल सियालकोटचे. लाहोर, केंब्रिज आणि म्यूनिच येथे त्यांचे शिक्षण झाले. मद्रास, हैदराबाद व अलीगढ येथील त्यांची व्याख्याने १९३० साली पुस्तकरूपाने आली. ईश्वराविषयीचा त्यांचा विचार त्यांत सविस्तर सापडतो.

ते म्हणतात, ईश्वर म्हणजे नुसती चराचरात पसरलेली शक्ती नव्हे. तो परम ‘स्व’ आहे, हाकेला ओ देणारा आहे. कुराणाच्या ११२व्या अध्यायातील एकत्वाचा त्यांनी असाच अर्थ लावला. मग तो अनंत कसा? तर दूरवर पसरला म्हणून नव्हे. त्याच्या निर्मितीच्या शक्यतांना अंत नाही म्हणून.

आता माणसाचे काय? सूफींतील एक मोठा पंथ म्हणे, थेंबाने समुद्रात विरून जावे. इक्बाल म्हणत, थेंबाने मोती व्हावे. ईश्वराच्या जवळ जावे, पण स्वत्व हरवू नये. माणसाला स्वातंत्र्य ईश्वरानेच दिले आहे. म्हणून जबाबदारीही माणसाचीच. अमरत्वसुद्धा आयते मिळत नाही, ते कमवावे लागते.

हे स्वत्व वाढते प्रेमाने आणि खचते याचनेने. याचना म्हणजे केवळ भीक नव्हे, बरं का! बापाच्या कमाईवर जगणारा श्रीमंताचा मुलगाही याचकच, आणि दुसऱ्याचेच विचार आपले म्हणून वागवणाराही याचकच.

हे वाचले आणि मी खजील झालो. वर्गात वर्षानुवर्षे मी टिपणे उतरवून देत आलो आहे, आणि मुले ती जशीच्या तशी उत्तरपत्रिकेत लिहितात. म्हणजे मी त्यांना शिकवले काय? मागायला!

शिक्षक बंधुभगिनींनो, इक्बालांचे सारे म्हणणे आपल्याला पटेलच असे नाही. पण उद्या वर्गात एखादा मुलगा चाचरत, चुकतमाकत का होईना, स्वतःचे उत्तर देऊ लागला, तर त्याला मध्येच थांबवू नका.