मोळीविना रान

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला 'निसर्गाचा सहवास' हा विषय दिला आहे. विषय मोठा आणि आम्ही लहान. आम्ही काही वक्ते नाही, झाडापानांचे अभ्यासक तर मुळीच नाही. आमच्यात कोणी बेस्टमध्ये आहे, कोणी महापालिकेत, कोणी बँकेत. दोघी शिक्षिका आहेत, एक परिचारिका आहे. महिन्यातल्या एका रविवारी विहारातली सकाळची वंदना आटोपून आम्ही पंधरा-वीस जण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या डोंगरावर चालत जातो, एवढीच आमची पात्रता. तेव्हा पुस्तकी काही न सांगता, चालताना मनात जे आलं तेच आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. पहिल्यांदा निघालो तेव्हा आमच्यातल्या एकाची आई त्याला म्हणाली, "अरं, रानात कशाला जातूस? घरात गॅस हाय की!" आम्ही सगळे हसलो. ती माउली मात्र हसली नाही. मग तिने सांगितले. दहा-बारा वर्षांची असल्यापासून ती अनवाणी रानात जायची. सरपण गोळा करायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन बाजारच्या गावी चालत जायचे. पायात काटे, मानेला कळ, वर राखणदाराची भीती. मोळी विकली तर संध्याकाळी भाकरी. "रान बघायला जात्यात, ह्ये मला ठावंच नव्हतं," असे ती म्हणाली.

बंधूंनो, या एका वाक्यात आमच्या मागच्या पिढ्यांचा इतिहास आहे. आपली माणसे रानात राबली. त्यांनी गवत कापले, गुरे राखली, मेलेली जनावरे ओढली. कुठल्या झाडाचे लाकूड चांगले जळते, कुठला पाला गुरांना चालतो, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पण ती रानात कधी नुसती बसली नाहीत. झाडाखाली बसून वाऱ्याची झुळूक अंगावर घ्यायची, हे सुख त्यांच्या वाट्याला आले नाही. निसर्गाच्या सौंदर्यावर ज्यांनी लिहिले, त्यांच्या डोक्यावर मोळी नव्हती, हेही विसरून चालणार नाही.

आणि नुसते फिरायला म्हणून बाहेर पडणेसुद्धा आपल्याला सोपे नव्हते. खुद्द बाबासाहेबांचा अनुभव आहे. १९३४ साली ते कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाने अंगावर धूळ बसलेली, म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या छोट्या हौदावर काहींनी पाय-तोंड धुतले. तेवढ्यात 'हौद बाटवला' अशी आरडाओरड करत एक वृद्ध गृहस्थ धावत आले, आणि लोक जमले. बऱ्याच वादानंतर मंडळींना आत सोडले, पण आतल्या पाण्याला कोणी हात लावू नये म्हणून हत्यारी शिपाई बरोबर देऊन! 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहिला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी होऊन गेला होता. त्यानंतर सात वर्षांनी, परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाला सहलीत हे सोसावे लागले.

म्हणून आम्ही म्हणतो, उघड्या आभाळाखाली निर्धास्तपणे चालणे, वाटेतल्या पाण्यात हात घालणे, दमल्यावर दगडावर टेकणे, ही चैन नव्हे. ही आपल्याला उशिरा मिळालेली आणि लढून मिळालेली गोष्ट आहे.

आता आमच्या वाटेबद्दल. उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरची चाल आहे. मागे हायवेचा आवाज येत असतो. दहिसर नदीवरचा पूल ओलांडला की तो हळूहळू विरतो. पहिला अर्धा तास आमच्या गप्पा चालतात: पगार, लोकल, मुलांच्या परीक्षा. मग कुणी न सांगता बोलणे कमी होते. साग, ऐन, खैर, बांबू. कोतवाल पक्षी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आपल्या बरोबरीने चालल्यासारखा वाटतो. तांबट दिसत नाही, नुसता ठोके देत राहतो. खरं सांगायचं तर, दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या आम्हाला एवढी मोकळी जागा प्रथम अंगावर आली होती. बिबट्याची भीती होतीच. पण त्याहून वेगळी एक भीती होती. इथे आपल्याला कोणी हटकेल का? कोणी हटकले नाही. ती भीती कधी गेली ते कळलेही नाही. एक दिवस लक्षात आलं की आपण मान वर करून चालतोय.

वर काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी आहेत. या डोंगराचे जुने नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, त्यावरूनच कान्हेरी. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक इथल्या लोकांनी दिलेल्या दानांची नोंद तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत आहे. त्यात व्यापारी आहेत, कारागीर आहेत, स्त्रियाही आहेत. पण आम्हाला सर्वांत जास्त ओढ आहे ती तिथल्या पाण्याची. बहुतेक लेण्यांशेजारी कातळात कोरलेले पाण्याचे टाके असते. शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे. डोंगरावर पडणारा पाऊस कोरीव पन्हळींतून वाहून या टाक्यांत साठतो. आमच्याबरोबर येणारे एक निवृत्त काका पहिल्या दिवशी अशा एका टाक्यापाशी बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या गावच्या विहिरीवर त्यांना लांब उभे राहून, कोणी ओतेल तेव्हा ओंजळीत पाणी घ्यावे लागे. ते वाकले, बोटे बुडवली, आणि काही न बोलता पुढे चालू लागले. आम्हीही काही विचारले नाही.

भिक्खूंचा वर्षावास आपल्याला माहीत आहे. पावसाळ्याचे तीन महिने त्यांनी एका ठिकाणी राहायचे. त्याचे विनयात सांगितलेले कारण फार सुंदर आहे. पावसात कोवळे अंकुर फुटतात, बारीक जीव बाहेर पडतात, ते चालणाऱ्यांच्या पायाखाली तुडवले जाऊ नयेत. हे आम्ही मुलांना मोठ्या तोंडाने सांगतो. पण आमचीही चूक कबूल करायला हवी. आमच्या दुसऱ्याच फेरीत आम्ही स्पीकरवर गाणी लावली, कागदी ताटल्या आणि बिसलेरीच्या बाटल्या तिथेच टाकून आलो. खाली आल्यावर एका मुलीने विचारले, "काका, कचरा आता कोण उचलणार?" आम्ही गप्प झालो. कचरा कोण उचलतो हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे? तेव्हापासून प्रत्येकाच्या खांद्याला स्वतःचा डबा, स्वतःची बाटली आणि एक रिकामी पिशवी असते.

डब्यावरून आठवलं. सुरुवातीला आमच्यात बायका येतच नव्हत्या. आल्या तरी पहाटे चारला उठून सगळ्यांच्या पुऱ्या-भाजी करून, अर्ध्या झोपेत. मग त्यांनीच एकदा स्पष्ट सांगितले, "तुमची सहल आणि आमची ड्यूटी, असं चालणार नाही." बरोबरच होते. आता ज्याचा डबा त्याने करायचा. पुरुषमंडळींच्या पोळ्यांचे नकाशे झाले, पण निम्म्या जागा बायकांनी भरल्या. आमची परिचारिका ताई म्हणते की आठवड्याभरात कोणाच्या हाकेला 'आले' म्हणावे लागत नाही, असे तिचे हेच चार तास.

२०२४ साली पावसाळा सरता सरता डोंगरभर कारवी फुलली. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. त्याआधी २०१६ साली फुलली होती. जांभळ्या-निळ्या फुलांकडे बघत आठ वर्षांचा एक मुलगा बोटांवर मोजू लागला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी मी दहावी झालेला असेन." आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी मनातल्या मनात आपलेही गणित केले. कोणी उत्तर मोठ्याने सांगितले नाही.

त्या थंडीत आम्ही त्या आईलाही घेऊन गेलो. वय ऐंशीच्या पुढे, म्हणून बसने. तिला एका झाडाखाली सतरंजी घालून बसवले आणि आम्ही लेणी पाहून आलो. परत येऊन बघतो तर काय, बसल्या जागेवरून हाताला लागतील तेवढ्या वाळल्या काटक्या तिने गोळा केल्या होत्या आणि एकसारख्या करून मांडून ठेवल्या होत्या. सत्तर वर्षांची हाताची सवय! मुलगा ओशाळला. म्हणाला, "आई, इथून काही न्यायचं नसतं." तिने काटक्यांकडे बघितले, पुन्हा पसरून टाकल्या आणि म्हणाली, "राहू दे. रानाचं रानाला." मग बराच वेळ ती नुसती बसून होती. निघायची घाई आम्हीच करत होतो. ती म्हणाली, "बसा की जरा."

बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे इतकेच. पुढच्या फेरीला या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणा, सुनांना आणा, मुलांना तर आणाच. येताना मोबाईल खिशात राहू द्या. मुलांना झाडांची नावे आली नाहीत तरी चालेल, पण आजीने याच रानातून काय वाहिले ते त्यांना जरूर सांगा. आणि नंतर त्यांना घटकाभर मोकळ्या हातांनी बसू द्या.

 जयभीम. नमो बुद्धाय.